उपग्रहाचं रडार समुद्राचा प्रवाह कसं मोजतं, आणि ठाण्याची खाडी त्यातून का निसटते

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रावरचे कंटेनर पाण्यात पडले, टाक्यांतलं तेल सांडलं आणि पुढचे कित्येक दिवस ते किनाऱ्यांवर आणि तिवरांत येत राहिलं. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: पुढच्या सहा तासांत पाणी कुठल्या बाजूला ओढणार? तेल, बुडालेल्या माणसाचा शोध, बंद पडलेली होडी, सुटलेला कंटेनर, या सगळ्यांचं उत्तर पाण्याच्या वरच्या थराच्या वेगात दडलेलं असतं.

हा वेग मोजायच्या जुन्या पद्धती चांगल्या आहेत, पण त्यांची पोच थोडी आहे. तळाशी नांगरून ठेवलेला करंट मीटर एकाच जागेचा वेग सांगतो. सोडून दिलेला तरंगता बोया वाहत जाईल तिथलाच वेग सांगतो, आणि वाहून नेमका नको तिकडे जातो. किनाऱ्यावरची उच्च वारंवारतेची रडारं त्या मानाने मोठा पट्टा बघतात. खंबातच्या आखातावर गुजरातच्या किनाऱ्यावरून अशी जोडी नजर ठेवते आणि तिची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राकडे जाते. पण अरबी समुद्राच्या मध्यावर किनाराच नाही. तिथे वरूनच बघावं लागतं, आणि पावसाळ्यात चार महिने ढग असल्यामुळे साधा कॅमेरा कामाचा नसतो. ढगातून आरपार जातं ते रडार.

रडारला पाणी दिसत नाही, लहरी दिसतात

सेंटिनेल-१ हे युरोपचे उपग्रह सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या रडारची वारंवारता ५.४०५ गिगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी ५.५५ सेंटिमीटर. हे रडार खाली सरळ न बघता उजव्या बाजूला तिरपं बघतं. नेहमीच्या पद्धतीत हा तिरपेपणा उभ्या रेषेपासून साधारण २९ ते ४६ अंश असतो आणि एका फेरीत २५० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपला जातो.

तिरप्या येणाऱ्या रेडिओलहरी गुळगुळीत पाण्यावर पडल्या तर पलीकडे परावर्तित होऊन निघून जातात, उपग्रहाकडे काहीच परत येत नाही. परत येतं ते वाऱ्याने उठलेल्या बारीक लहरींमुळे, आणि त्यांतल्याही एका ठराविक लांबीच्या लहरींमुळे. शेजारशेजारच्या दोन लहरींवरून परतणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून वाढले पाहिजेत, तरच ते उपग्रहाला ऐकू येतात. त्यासाठी लागणारी लांबी म्हणजे रडारलहरीची लांबी भागिले तिरप्या कोनाच्या साइनची दुप्पट. कोन ३५ अंश धरला तर ५.५५ भागिले १.१५, म्हणजे ४.८ सेंटिमीटर. समुद्रात दहा मीटरची लाट उसळत असली तरी सी-बँड, म्हणजे या वारंवारतेच्या, रडारचा मुख्य प्रतिध्वनी तिच्या अंगावरच्या या पावणेपाच सेंटिमीटरच्या लहरींकडूनच येतो.

पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच निघतात, म्हणून हे नीट डोक्यात बसवून घ्यायला हवं. आपल्याला हवा आहे पाण्याचा वेग, आणि रडार सांगतं लहरींचा वेग. ४.८ सेंटिमीटरची लहर थांबलेल्या पाण्यावरही सेकंदाला सुमारे २९ सेंटिमीटर या गतीने चालते. म्हणजे प्रवाह शून्य असला तरी रडारला काहीतरी हलताना दिसणारच.

दुसरं असं की लहरीच नसतील तर मोजमापही नाही. वारा सेकंदाला तीन मीटरच्या खाली गेला की समुद्र रडारच्या चित्रात काळा पडू लागतो. तेलाचा तवंगही या बारीक लहरी दाबून टाकतो. तवंग चित्रात शोधायला याचा फार उपयोग होतो, पण त्याच तवंगाखालचा वेग मोजायला प्रतिध्वनी उरत नाही. मग तवंगाच्या कडेबाहेरच्या पाण्याचा वेग घेऊन आत अंदाज करावा लागतो.

तिसरी गोष्ट खोलीची. या लहरी जेमतेम वरच्या काही सेंटिमीटर पाण्यावर स्वार असतात. तरंगत्या बोयाला खाली १५ मीटरवर कापडी नळकांडं लटकवलेलं असतं, त्यामुळे तो त्या खोलीचं पाणी सांगतो. वारा पाण्याची वरची कातडी आपल्या वेगाच्या साधारण तीन टक्के गतीने ओढतो. दहा मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात हा फरक ३० सेंटिमीटर प्रतिसेकंद होतो. रडार आणि बोया जुळत नाहीत म्हणून कुणी एकाला चूक ठरवलं, तर आधी खोली विचारावी.

वेग येतो कुठून

ठाणे स्टेशनवर न थांबता धडधडत जाणारी मेल गाडी जवळ येताना भोंग्याचा सूर चढलेला असतो आणि पुढे गेल्यावर उतरतो. रडार हेच करतं. लहर उपग्रहाच्या दिशेने येत असेल तर परतलेल्या रेडिओलहरीची वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर घटते. या फरकाला डॉप्लर म्हणतात, आणि तो म्हणजे वेगाची दुप्पट भागिले लहरीची लांबी. सेकंदाला एक मीटर वेगाला ५.५५ सेंटिमीटरच्या रडारवर ३६ हर्ट्झ. पाच अब्ज चाळीस कोटी हर्ट्झमधले ३६. एकाच ठोक्यावरून ते कळत नाही. रडार सेकंदाला दीड-दोन हजार ठोके पाठवतं आणि लागोपाठच्या प्रतिध्वनींची कला (लहर आपल्या चढउतारात कुठे आहे ते) किती सरकली यावरून फरक काढला जातो. मग एखाद्या चौरस किलोमीटरमधल्या सगळ्या बिंदूंची सरासरी घेतली की गोंगाट काही हर्ट्झवर येतो.

आता उपग्रहाचा स्वतःचा वेग बघा: सेकंदाला ७.६ किलोमीटर. शोधायचा प्रवाह अर्धा मीटर, आणि शोधणारा त्याच्या पंधरा हजार पट वेगाने धावतोय. यातून सुटका एवढ्यासाठीच होते की रडार मार्गाला काटकोनात बघतं. अगदी काटकोनात बघितलं तर उपग्रहाच्या वेगाचा त्या दिशेतला वाटा शून्य. पण नजर काटकोनापासून एक हजारांश अंश जरी ढळली तरी ७,६०० मीटरांतले १३ सेंटिमीटर त्या दिशेत मिसळतात. हर्ट्झमध्ये ४.८. समुद्राच्या सपाटीवर आणलं, तर सेकंदाला २३ सेंटिमीटरचा प्रवाह, जो कुठेच अस्तित्वात नाही.

अँटेना १२.३ मीटर लांब आहे आणि तिच्यावर शेकडो छोटे प्रसारक बसवलेले आहेत. त्यांतले काही थकले, काही तापले, की किरण एका बाजूला सूक्ष्म झुकतो. उपग्रह आपली दिशा तारे बघणाऱ्या कॅमेऱ्यांवरून ठरवतो. एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर बदल झाला की डॉप्लरमध्ये पायरी पडते. चित्र तीन उपपट्ट्यांत घेतलं जातं, त्यांच्या सांध्यावरही उडी दिसते. पृथ्वीचं फिरणंही आहेच: विषुववृत्तावर सेकंदाला ४६५ मीटर, मुंबईच्या अक्षांशावर ४४० च्या आसपास. ते रद्द करण्यासाठी उपग्रह कक्षेत फिरताना आपलं तोंड सतत थोडं वळवत राहतो, आणि तरी जे उरतं ते गणिताने काढून वजा करतात.

मग उरलेली चूक पकडायची कशी? जमिनीवरून. डोंगर वाहत नाहीत. ज्या चित्रात समुद्राबरोबर कोकणपट्टी आणि सह्याद्री येतात, त्यात जमिनीवरचा डॉप्लर शून्य यायला हवा. नसेल, तर जो आकडा दिसतो ती उपग्रहाची चूक, आणि तीच समुद्राच्या बाजूनेही वजा करायची. यात एक काळजी लागते. सरासरीच्या एका चौकोनात एका बाजूला झगझगीत आणि दुसऱ्या बाजूला काळोखं असेल तर फक्त उजेडाच्या फरकामुळेच खोटा डॉप्लर तयार होतो. त्यामुळे शून्य ठरवायला वाशी-बेलापूरच्या इमारती चालत नाहीत. त्यांच्या उभ्या भिंती रडारला आरशासारख्या चमकतात आणि शेजारी तिवरं व चिखल असतो. माथेरानच्या मागचा एकसारखा डोंगराळ जंगलपट्टा त्यापेक्षा कितीतरी विश्वासू. याच कारणाने किनाऱ्याला चिकटून असलेले पाण्याचे पहिले एक-दोन किलोमीटर फेकून द्यावे लागतात.

सगळ्यात मोठी वजाबाकी: वारा आणि लाटा

उपग्रहाचा आणि पृथ्वीचा वाटा काढला की जे उरतं तो प्रवाह, असं सुरुवातीला वाटलं होतं. तसं नसतं. उरलेल्या आकड्यात बऱ्याचदा सगळ्यात मोठा भाग लाटांचा असतो आणि प्रवाह त्याच्या आड लपलेला असतो. साधारण वाऱ्यातसुद्धा हा लाटांचा वाटा सेकंदाला एक ते दोन मीटर प्रवाहाइतका भरू शकतो. २००५ साली शाप्राँ, कोलार आणि आर्दुआँ या फ्रेंच संशोधकांनी एन्व्हिसॅट उपग्रहाच्या मोजमापांवरून हे स्पष्ट दाखवलं, आणि तेव्हापासून हा विषय गंभीरपणे घेतला जाऊ लागला.

लाटेमध्ये पाणी पुढे जातं आणि मागेही येतं, वर जातं आणि खालीही. मग सरासरी शून्य का येत नाही? कारण रडार लाटेचा प्रत्येक भाग सारख्या उजेडात बघत नाही. लाट उपग्रहाच्या दिशेने येते आहे असं समजा. तिचा उपग्रहाकडे तोंड केलेला उतार हा तिचा पुढचा उतार असतो, आणि लाट पुढे सरकताना तिथलं पाणी वर उचललं जात असतं. वर म्हणजे उपग्रहाच्या जवळ. तोच उतार रडारकडे कललेला असल्याने जास्त चमकतो. मागचा उतार, जिथे पाणी खाली बसत असतं, तो पाठमोरा आणि मंद. सरासरी काढताना चमकणाऱ्या भागाचं वजन जास्त पडतं, आणि उत्तर येतं: पाणी आपल्याकडे येतंय. लाट दूर जात असेल तर उलट. तोंड आपल्याकडे केलेला उतार आता मागचा, तिथलं पाणी बसतंय, आणि तरी तोच चमकतोय. उत्तर: पाणी दूर जातंय. प्रवाह दोन्ही वेळा शून्य असू शकतो.

हा खोटा वेग वाऱ्याच्या वेगावर, वारा रडारच्या नजरेशी किती कोनात आहे यावर आणि तिरपेपणावर अवलंबून असतो. नजर जितकी उभी, तितका पाण्याच्या वरखाली हालचालीचा वाटा मोठा. म्हणून प्रवाह मोजायला जास्त तिरपी नजर बरी. पण फार तिरपी केली की प्रतिध्वनी क्षीण होतो आणि गोंगाट वाढतो. लाखो निरीक्षणं जमवून वारा, दिशा आणि कोन दिल्यावर किती हर्ट्झ वजा करायचे हे सांगणारी सूत्रं बनवली आहेत. ती सरासरी समुद्रासाठी चांगली चालतात. अडचण पश्चिम किनाऱ्यासारख्या ठिकाणी येते, कारण इथे जूनपासून दूर दक्षिणेकडून आलेली लांब लाट आणि स्थानिक वाऱ्याची आखूड लाट एकाच वेळी असतात. वाऱ्यावरून फक्त दुसरी कळते. लांब लाटेचा वाटा वेगळा काढला नाही, तर पावसाळ्यातला प्रवाहाचा नकाशा खरं तर लाटांचा नकाशा असतो. अशी वजाबाकी न केलेला रंगीत नकाशा ‘प्रवाह’ म्हणून दाखवला जातो, तेव्हा त्यावर कुणाचाही विश्वास बसू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

एकदा आकडे घालून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समुद्रातल्या एका चौकोनात उपग्रह-पृथ्वी वजा केल्यावर ३० हर्ट्झ उरले, तिरपा कोन ३८ अंश. सरळ वेग काढला तर ३० गुणिले ०.०५५५ भागिले २, म्हणजे ०.८३ मीटर प्रतिसेकंद नजरेच्या दिशेत. पाण्याच्या सपाटीवर आणायला ३८ अंशाच्या साइनने, म्हणजे ०.६१६ ने भागायचं: १.३५. इथे थांबलात तर अरबी समुद्रात जोरदार प्रवाह सापडल्याची बातमी तयार. पण त्या वेळच्या वाऱ्यासाठी सूत्राने २२ हर्ट्झ दिले. उरले ८. सपाटीवरचा वेग ०.३६ मीटर प्रतिसेकंद. आता चूक: दिशेची आणि गोंगाटाची मिळून ५ हर्ट्झ धरा. ती होते ०.२३. उत्तर लिहायचं ०.३६, कमी-अधिक ०.२३. एकाच फेरीवर प्रवाहाचा निर्वाळा देता येत नाही. वीस-तीस फेऱ्यांची सरासरी घेतली की आकडा पायावर उभा राहतो.

म्हणूनच या पद्धतीची परीक्षा दक्षिण आफ्रिकेजवळच्या अगुल्हास प्रवाहावर झाली. तो बारा महिने जागा फारशी सोडत नाही आणि त्याचा वेग मीटर-दोन मीटरच्या घरात जातो. एवढ्या मोठ्या वेगापुढे पाच हर्ट्झची चूक किरकोळ.

आपल्या खाडीचं काय

ठाण्याच्या खाडीतली ओढ बघायची असेल तर डोल लावणाऱ्या कोळ्यांना विचारावं. डोल हे पिशवीसारखं जाळं खुंटांना बांधून ओढीच्या तोंडाला उभं करतात. पाणी जोरात शिरलं तर मासळी, नाहीतर रिकामं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ओढ किती आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीला, किती, यावर सगळा हिशोब. सेंटिनेलसारख्या उपग्रहाला मात्र हीच ओढ दिसत नाही, आणि त्याची तीन वेगवेगळी कारणं आहेत.

पहिलं, दिशा. डॉप्लर फक्त नजरेच्या रेषेतला वेग सांगतो. ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहाचा मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर आणि नजर त्याला काटकोनात, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम. सकाळी उत्तरेकडून खाली येणारी फेरी पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकून बघते. ठाण्यापासून ऐरोली, वाशी, तुर्भे करत घारापुरीकडे जाणारी खाडी साधारण उत्तर-दक्षिण. पाणी नजरेला जवळजवळ आडवं वाहतं. मीटरभर वेगातले रडारच्या वाट्याला जेमतेम दहा सेंटिमीटर, आणि ते चुकीच्या पोटात बुडून जातात. घोडबंदरच्या बाजूची वसईची खाडी बऱ्यापैकी पूर्व-पश्चिम आहे, दिशेने ती सोयीची, पण तिथे दुसरं कारण आडवं येतं.

ते कारण रुंदी. डॉप्लरचा एक चौकोन किलोमीटरभराचा असतो. वाशीच्या पुलाजवळ खाडी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात पूल, विजेचे मनोरे आणि दोन्ही काठांचा चिखल. कळव्याजवळ तर एका चौकोनात दोन्ही काठ येतात. मघाशी सांगितलेला खोटा डॉप्लर इथे सगळीकडे.

तिसरं कारण वेळेचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. हे उपग्रह सूर्याशी वेळ बांधून फिरतात. मुंबई-ठाण्यावर त्यांची सकाळची फेरी नेहमी साडेसहाच्या आसपास, आणि संध्याकाळची असली तर तीही तशीच. आता किनाऱ्यावरचा जुना हिशोब लावा: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे सुकती सहाच्या सुमारास. पुढच्या एक-दोन दिवसांत, जेव्हा उधाण ऐन जोरात असतं, तेव्हाही साडेसहाला ओहोटी संपत आलेली असते. सुकतीला पाणी वळतं आणि ओढ मंदावते. उधाणाची सगळ्यात जोरदार ओढ नऊ आणि तीनच्या पुढेमागे, आणि त्या वेळी उपग्रह कधीच वर नसतो. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, पुन्हा पाणी थबकलेलं, शिवाय भांगाचं. चतुर्थीला साडेसहाला ओहोटी भरात आणि द्वादशीला भरती भरात असते, पण ती मधल्या जोराची. वर्षानुवर्षं फेऱ्या जमवल्या तरी उधाणाचा खरा जोर त्यात येत नाही. खाडीच्या टोकाला पाणी उशिरा पोहोचतं, त्यामुळे ठाण्याला ही वेळ थोडी सरकते, इतकंच. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसारही पहाट-संध्याकाळच्या सहाच्याच कक्षेत आहे. त्याच्या दोन रडारांच्या लहरींची लांबी वेगळी, एल-बँड २४ सेंटिमीटर आणि एस-बँड साडेनऊच्या आसपास, म्हणून तो वेगळ्या लांबीच्या लहरी बघतो. पण तिथीचा हा पेच तसाच.

उघड्या समुद्रावर यांतली पहिली अडचण उरते. पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, म्हणजे पुन्हा बराचसा आडवा. खाली येणाऱ्या आणि वर जाणाऱ्या फेऱ्यांची नजर थोडी वेगवेगळी असते, दोन्ही जोडल्या तर उत्तर-दक्षिण भाग काढता येतो, पण चूक फुगते. युरोपने हार्मनी नावाचे दोन उपग्रह मंजूर केले आहेत. ते स्वतः रेडिओलहरी पाठवणार नाहीत. सेंटिनेल-१ च्या पुढे-मागे काही शे किलोमीटरवर राहून त्याचेच प्रतिध्वनी वेगळ्या दिशेने ऐकतील. तीन दिशांनी ऐकलं की वेगाचे दोन्ही घटक मिळतात. ठरल्याप्रमाणे ते २०२९ मध्ये निघायचे आहेत.

पुलावरून सुटलेली लोकल

रडारचं चित्र बघताना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. रडार एखाद्या वस्तूची उपग्रहाच्या मार्गातली जागा डॉप्लरवरूनच ठरवतं. वस्तू स्वतः हलत असेल तर तिचा डॉप्लर वेगळा, आणि ती चित्रात भलत्याच जागी उमटते. नजरेच्या दिशेत सेकंदाला एक मीटर वेग असेल तर सुमारे १०७ मीटर सरकून. न्हावा-शेवाकडे दहा नॉटने येणारं जहाज आपल्याच फेसाळ पट्ट्यापासून तीनशे मीटर बाजूला दिसू शकतं. मानखुर्द-वाशी पुलावरची लोकल ताशी साठ किलोमीटरने जात असेल तर तिचा प्रतिध्वनी पुलापासून जवळपास किलोमीटरभर लांब, खाडीच्या पाण्यात पडतो. पाण्यात नसलेली एक तेजस्वी रेघ, आणि तिच्याखालचा डॉप्लर अर्थातच निरुपयोगी. प्रवाह काढण्याआधी असे चमकते बिंदू गाळून टाकणं सक्तीचं. जहाजाचं सरकणं मात्र वाया जात नाही. त्याच्या पट्ट्यापासूनचं अंतर मोजून जहाजाचा वेग काढता येतो.

दोन अँटेना एकामागे एक

अरुंद पाण्यासाठी दुसरी युक्ती आहे. एकाच मार्गावर पुढे-मागे दोन अँटेना ठेवायच्या. पहिलीने जी जागा बघितली तीच दुसरी काही मिलिसेकंदांनी बघते. तेवढ्यात लहरी जितक्या सरकल्या तितकी कला बदलते. १९८७ मध्ये जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या गोल्डस्टीन आणि झेबकर यांनी विमानातून हे करून दाखवलं. फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवर आणि नंतर जर्मनीच्या टेरासार-एक्स (२००७) व टॅन्डेम-एक्स (२०१०) यांच्यावरून ते अंतराळातून झालं. एल्ब नदीच्या मुखातला भरती-ओहोटीचा प्रवाह त्यातून मोजला गेला.

टेरासार-एक्सच्या रडारलहरीची, म्हणजे एक्स-बँडची, लांबी ३.१ सेंटिमीटर. दोन नजरांमधलं अंतर तीन मिलिसेकंद असेल तर सेकंदाला एक मीटरला कला सत्तर अंश सरकते, छान मोजता येते. अंतर वाढवलं तर कला आणखी सरकेल, पण एवढ्या बारीक लहरी दहाएक मिलिसेकंदांत आपला आकार विसरतात आणि दोन प्रतिध्वनींचा एकमेकांशी संबंधच उरत नाही. फार कमी ठेवलं तर कला गोंगाटात बुडते. या पद्धतीत नकाशा बारीक मिळतो. लाटांची वजाबाकी मात्र इथेही तशीच करावी लागते.

उंचीवरून प्रवाह

तिसरं रडार सरळ खाली बघतं आणि समुद्राची उंची मोजतं. मोठ्या समुद्रांचे रोजचे प्रवाहनकाशे मुख्यतः यातूनच बनतात. ऑगस्ट १९९२ मध्ये गेलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहापासून ही मालिका अखंड आहे. भारत-फ्रान्सचा सरल २५ फेब्रुवारी २०१३ ला गेला. पाण्याला उतार असेल तर ते खाली घसरू बघतं, पृथ्वीच्या फिरण्याने उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतं, आणि शेवटी उताराला आडवं वाहतं. मुंबईच्या अक्षांशावर शंभर किलोमीटरला दहा सेंटिमीटर उतार म्हणजे सेकंदाला वीस सेंटिमीटर प्रवाह. विषुववृत्तावर वळवणारं बलच शून्य होतं, म्हणून तिथे हे सूत्र मोडतं. भरतीची ओढ आणि वाऱ्याने नुकतंच ढकललेलं पाणीही यात येत नाही. किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटरच्या आत प्रतिध्वनीत जमीन शिरते. १६ डिसेंबर २०२२ ला गेलेला स्वॉट हा उपग्रह एका रेषेऐवजी १२० किलोमीटरचा पट्टा बघतो, त्यामुळे लहान भोवरेही दिसू लागले आहेत.

स्वतः करून बघायचं तर

सेंटिनेल-१ ची माहिती युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या डेटा स्पेस या संकेतस्थळावर फुकट मिळते, फक्त नोंदणी लागते. शोधताना सेंटिनेल-१, दुसरी पातळी, ओसीएन हा प्रकार निवडायचा. फाइल नेटसीडीएफ असते, पायथनमध्ये किंवा स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. आत असू शकतात असे तीन भाग: वारा, लांब लाटा, आणि नजरेच्या दिशेतला वेग. तिसऱ्या भागातल्या रकान्यांची नावं आरव्हीएल या अक्षरांनी सुरू होतात. त्यात मोजलेला डॉप्लर, भूमितीचा (उपग्रह आणि पृथ्वीच्या वेगाचा) वाटा, दिशेच्या चुकीचा वाटा, तिरपा कोन आणि उपग्रहाची दिशा वेगवेगळी दिलेली असतात. तयार वेगाच्या रकान्यावर उडी मारू नये. मोजलेला डॉप्लर घ्यावा, भूमितीचा वाटा वजा करावा, मग चित्रातल्या जमिनीवर किती उरतं ते बघावं. पाच हर्ट्झपेक्षा जास्त असेल तर आधी ते दुरुस्त करायचं. अधिक चिन्ह जवळ येण्याला की दूर जाण्याला, हे फाइलच्या वर्णनात वाचून घ्यायचं. यात उलटापालट झाली तर पुढचं सगळं उलटं.

त्यानंतर त्याच फाइलमधला वारा बघायचा. तीन मीटर प्रतिसेकंदाच्या खालचे आणि बारा-तेराच्या वरचे चौकोन सोडून द्यायचे, आणि लांब लाटेचा जोर असलेले जून ते सप्टेंबरचे महिने पहिल्या प्रयत्नात घेऊच नयेत. डिसेंबर-जानेवारीतल्या फेऱ्या निवडून किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटर पलीकडचा भाग घ्यायचा, प्रत्येक फेरीतून वाऱ्याचा वाटा वेगळा वजा करायचा आणि मगच सरासरी काढायची. आधी सरासरी आणि मग वजाबाकी केली तर वेगवेगळ्या दिवसांचे वारे एकमेकांत मिसळतात आणि दुरुस्ती कुठल्याच दिवसाची राहत नाही.